जुनं कोकणी घर लोककलेसाठी उघडायचंय? कौलं उतरवण्याआधी हे वाचा

आमचं घर कुडाळ तालुक्यातलं. चिऱ्यांचं जोतं, मातीच्या भिंती, फणसाचे खांब, वर मंगळुरी कौलं. आजी गेली आणि घराला कुलूप लागलं. पुढची अकरा वर्षं आम्ही चाकरमानी चतुर्थीला चार दिवस यायचो, गणपती आणायचो, कौलांतून टपकणाऱ्या पाण्याखाली टोपं मांडायचो आणि परत मुंबईची गाडी पकडायचो. नंतर हेच घर दुरुस्त करून तिथे दशावतार (कोकणातलं लोकनाट्य), चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला), ओव्या-फुगड्या यांचं छोटं केंद्र सुरू केलं. त्यात तीन वर्षं गेली. त्यातलं एक वर्ष निव्वळ आमच्या चुकांनी खाल्लं. ते तुमचं वाचावं म्हणून क्रमाने लिहितो आहे.

उदाहरणं सिंधुदुर्गातली आहेत. घाटावरचा वाडा असेल तर लाकूड आणि पाऊस बदलेल, पण बाकीचं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

१. घरात काय चालणार, ते आधी ठरवा

आधी घर दुरुस्त करू, मग काय करायचं ते बघू, असं आम्ही म्हणालो आणि तिथेच फसलो. ओटीवर बसून चित्रकथी ऐकायची असेल तर वीस-पंचवीस माणसं मावली तरी पुरे. दशावताराचा प्रयोग करायचा तर जागा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात लागते, घरात नाही. जुन्या वस्तू मांडायच्या तर कोरडी, अंधारी, कुलूपबंद खोली हवी. तिन्हींसाठी घराच्या वेगवेगळ्या भागांना हात लावावा लागतो.

यासाठी एकदा कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन या. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्या जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने संग्रहालय सुरू केलं ते गुरांच्या गोठ्यात. ते पाहून आमचा अर्धा आराखडा आम्हीच फाडून टाकला. गोठा, मांगर (घराबाहेरची सामान ठेवायची खोपी), पडवी या जागा कार्यक्रमाला देऊन टाकल्या, तर माजघराला हातही लावावा लागत नाही.

२. हिस्सेदार आणि कागद

जुन्या घरांचा जीव वाळवीपेक्षा सामाईक मालकीत जास्त जातो. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव, खाली सोळा वारस, त्यातले दोघे परदेशी आणि एका आत्याचा पत्ताच कुणाला ठाऊक नाही. अशा स्थितीत तुम्ही पदरचे पैसे घालून छप्पर बदललंत, तरी उद्या एखाद्या चुलतभावाने हरकत घेतली की काम थांबतं.

सगळे एका छपराखाली येतात ते चतुर्थीला आणि शिमग्याला. तेव्हाच बसा. आरतीनंतर लगेच विषय काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी काढा. वडीलधाऱ्या काकांशी आदल्या दिवशी एकट्याने बोलून ठेवा, म्हणजे सगळ्यांसमोर त्यांना हा विषय अचानक आल्यासारखं वाटणार नाही.

दोन मार्ग आहेत. एक, बाकीच्यांनी हक्कसोडपत्र करून द्यायचं. दुसरा, मालकी सामाईकच ठेवून सगळ्यांनी मिळून घर ठरावीक वर्षांच्या भाडेकराराने संस्थेला द्यायचं. आम्ही दुसरा धरला. हक्क सोडायला कुणी तयार होत नाही, वापरायला द्यायला मात्र बहुतेक जण तयार होतात.

सापळा: हक्कसोडपत्र साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलं की झालं, असं गावात सर्रास सांगतात. ते खरं नाही. स्थावर मालमत्तेवरचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेकरारालाही तोच नियम.

जमवायचे कागद:

- सातबारा आणि ८अ. गावठाणात नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका
- ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या, जितक्या जुन्या मिळतील तितक्या
- जुने फेरफार, वारस नोंदी, मृत्यूचे दाखले
- मोजणीचा नकाशा
- सगळ्या हिस्सेदारांचं लेखी संमतिपत्र
- दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीकडे केलेला अर्ज आणि त्याची पोच. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका

घर किनाऱ्याला किंवा खाडीला लागून असेल तर सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नकाशात ते कुठे पडतं ते बघा. विजयदुर्ग किंवा सिंधुदुर्गासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असेल तर आणखी जपून. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि तिथल्या जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्रात येतात. गावात कुणी काही म्हणत नाही, यावर विसंबू नका.

३. हात लावण्याआधी घर कागदावर उतरवा

प्रत्येक खोलीचं माप घ्या, चारी भिंतींचे आणि छताचे फोटो काढा, कुठला खांब कुठे आहे त्याचा हाताने का होईना नकाशा काढा. वारसा संवर्धनाचं काम केलेला वास्तुविशारद मिळाला तर त्याला दोन दिवस बोलवाच. त्याच्या फीपेक्षा त्याने वाचवलेलं लाकूड महाग असतं.

घराचं वय ठरवताना कौलांवरच्या शिक्क्याला भुलू नका. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ छापलेलं दिसलं की घर दीडशे वर्षांचं झालं, असं सगळ्यांना वाटतं. आम्हीही पत्रकात तसं छापायला निघालो होतो. पण १८६५ हे मंगळूरचा तो कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, तुमचं कौल भाजल्याचं नव्हे. खरं वय जुन्या असेसमेंट उताऱ्यात, वाटणीपत्रात, कधी एखाद्या तुळईवर कोरलेल्या शकात सापडतं.

लाकूड उतरवायचं असेल तर प्रत्येक वाशाला नंबर द्या. आम्ही खडूने दिले होते. एप्रिलमधल्या एका अवकाळी सरीने सगळे धुऊन नेले आणि मग चौसष्ट वाशांचं कोडं सोडवत बसलो. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने आकडा ठोका आणि तो वाशाच्या वरच्या अंगाला लावा. जुने सांधे खाचेत बसवून लाकडी खुंटीने अडकवलेले असतात. प्रत्येक खाच हाताने केलेली असल्याने एकाचा वासा दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

४. पाणी कुठून येतं ते शोधा

आमच्या कामावर एक वयस्कर सुतार होते. पहिल्या दिवशी सगळं घर हिंडून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "घराक कायेक जावक नाय. पाणी खयसून येता ता आदी बघा." पुढची तीन वर्षं हेच खरं ठरत गेलं.

लाकूड ओलं राहिलं की कुजतं. आतली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाव मिळत नाही. फणस, ऐन, किंजळ यांचा गाभा कोरडा राहिला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणून वाळवीच्या औषधाआधी पाण्याचा बंदोबस्त. पाहायच्या जागा अशा:

कौलांची रांग सरकलेली किंवा फुटलेली असते ती बहुतेकदा वानरांमुळे. फणसाची किंवा आंब्याची फांदी छपरावर आली असेल तर ती आधी उतरवा, नाहीतर दरवर्षी तेच. मग दोन छपरं जिथे मिळतात ती पन्हाळ. तिथे पाचोळा अडकतो, पाणी तुंबतं आणि खालचा कोनवासा आतून संपतो. मग खांबाचा तळ. तळखड्याच्या दगडावर उभा असलेला खांब सहसा ठीक असतो. पण मधल्या पिढीत कुणीतरी शहाबादी लादी किंवा सिमेंटचा कोबा घातलेला असतो, आणि तो खांबाच्या पायाला घट्ट भिडलेला असतो. तो कोबा फोडा, खाली बहुतेक वेळा कुजका भाग निघतो. शेवटी परसाकडची भिंत. मागचं अंगण वर्षानुवर्षांच्या मातीने वर चढलेलं असतं आणि पाणी जोत्याकडे वळतं. दोन माणसं, दोन दिवस, एक चर, एवढ्याने आमच्या माजघराची ओल अर्धी गेली.

छपराचं काम दिवाळीनंतर सुरू करा आणि आगोटीच्या आत, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत, शेवटचं कौल बसलेलं असू द्या. कंत्राटदार जूनची सात तारीख सांगेल. ती मान्य करू नका.

कौलं परतताना जुनी टाकून देऊ नका. बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठेवा, भद्द आवाज आला तर बाजूला. एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. पाडलेल्या घरांची कौलं विकत मिळतात, पण वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत. छपराच्या एका अंगाला एकाच शिक्क्याची लावा.

कौलांखाली प्लास्टिकचा कागद घालायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. माझं मत विरुद्ध आहे. कौलारू घर फटींतून श्वास घेतं. कागद घातला की आतली वाफ अडते आणि रिपा वरून कोरड्या, खालून ओल्या राहतात. आख्ख्या घरावर लोखंडी सांगाड्याची पत्र्याची शेड उभारायची पद्धतही आता गावोगाव दिसते. गळती थांबते हे खरं, पण मग लोकांना दाखवायला घर उरत नाही.

५. लाकूड टोचून बघा

अवजारं साधी आहेत: टोचा, लाकडी हातोडी, बॅटरी, टॉर्चच्या उजेडात दिसेल असा खडू आणि शक्य असेल तर ओल मोजायचं छोटं यंत्र. खांब खालपासून वरपर्यंत ठोकत जा. आवाज पोकळ आला तिथे टोचा घाला. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज घुसला तर खूण करा. वाळवी बाहेरची पापुद्र्यासारखी पातळ कड शाबूत ठेवते, त्यामुळे रंगवलेला खांब दिसायला उत्तम आणि आतून रिकामा, असं होतं.

खुणा झाल्या की घाबरायचं नाही. बाहेरचा पांढरा भाग खाल्लेला असतो, गाभा बहुतेकदा ठणठणीत असतो. आमच्या बावीस खांबांपैकी कंत्राटदाराने चौदा बदलायला सांगितले होते. प्रत्यक्षात पूर्ण बदलले दोन. पाच खांबांचा फक्त कुजका तळ कापला आणि त्याच जातीच्या लाकडाचा नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला. त्यावेळी वरची तुळई जॅक आणि टेकूंवर उचलून धरावी लागते. एका वेळी एकच खांब, आणि टेकू निघेपर्यंत त्या खोलीत कुणीही झोपायचं नाही.

औषधाचं थोडक्यात. आतल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण चालतं, पण पावसात ते धुऊन जातं, म्हणून बाहेरच्या लाकडाला त्याचा उपयोग नाही. तिथे काजूच्या टरफलांचं तेल लावायची कोकणातली पद्धत अजून चांगली आहे. फक्त हातमोजे घाला, कातडीवर फोड येतात. जवसाचं तेल लावणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. काम झालं की पाण्याच्या बादलीत बुडवा. लाकडी घरात याहून महाग निष्काळजीपणा नाही.

ऑइल पेंट लावू नका. लावलेला असेल तर हळूहळू खरवडा.

आणि चूल पेटवा. हे औषध कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही. जुन्या घरात रोजचा धूर माळ्यावर जायचा, वासे काळे व्हायचे आणि कीड लांब राहायची. कुलूप लागलं की धूर थांबतो आणि वाळवीला रान मोकळं मिळतं. आम्ही आठवड्यातून दोनदा चुलीवर पेज शिजवतो. येणाऱ्यांना तीच वाढतो.

६. नवं लाकूड आणताना

परसातला स्वतःचा फणस तोडायलाही परवानगी लागते. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर ही आपल्याकडची बहुतेक सगळी इमारती झाडं आहेत. तोडल्यावर लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक पास लागतो. अर्ज पावसाळ्यातच करून ठेवा, कारण तपासणी, पंचनामा आणि सह्या यांत महिने जातात.

पाडलेल्या घराचं जुनं लाकूड स्वस्त आणि मुरलेलं मिळतं. ते घेताना विकणाऱ्याकडून घर क्रमांकासह पावती लिहून घ्या. रस्त्यात टेम्पो अडवला गेला तर हाच कागद कामाला येतो.

७. भिंतीला सिमेंट लावू नका

ही आमची सगळ्यात महाग चूक. पहिल्या वर्षी हातात पैसे होते आणि परसाकडची भिंत वाईट दिसत होती. तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. गुळगुळीत झाली, सगळे खूश. मातीची आणि चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि उन्हात ते बाहेर सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं. पुढच्या पावसाळ्यात जमिनीतली ओल आतल्या अंगाने वर चढली, आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक, जे शंभर वर्षं टिकलं होतं, दोन वर्षांत भुसभुशीत झालं. तो गिलावा काढायला लावण्याच्या दुप्पट खर्च आला, शिवाय तुळईचं टोक नवं.

चुना वापरा. भाजलेली चुनकळी पाण्यात विझवून किमान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या, मग एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू. जुने गवंडी त्यात गुळाचं, हिरड्याचं, बेलफळाचं पाणी घालायचे. चुन्याचं काम येणारा गवंडी सापडणं कठीण आहे, पण देवळांच्या जीर्णोद्धारावर काम केलेली माणसं विचारा. चुनकळी विझवताना पाणी उकळतं आणि उडतं. डोळ्यांना चष्मा हवाच आणि लहान मुलं लांब हवीत.

जमीन शेणाने सारवलेली ठेवायची असेल तर सारवणार कोण, ते आधी ठरवा. आम्ही गावातल्या दोन काकींना त्याचे महिन्याचे पैसे देतो. परंपरा आहे म्हणून फुकट करून घ्यायचं काम नाही हे.

८. वीज, आग, गर्दी

जुनी वायरिंग सगळी काढा. नवी नळीतून न्या, लाकडात खिळे मारून नको, आणि बोर्डावर आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. प्रत्येक दाराजवळ अग्निशामक ठेवा आणि तो वापरायचा कसा, हे सारवणाऱ्या काकींनाही शिकवा, कारण प्रसंग येईल तेव्हा घरात त्याच असतील. माळा सुक्या नारळांसाठी आणि भाताच्या कणग्यांसाठी बांधलेला असतो, तीस पर्यटकांसाठी नाही. तो बंद ठेवा. शौचालय घराला लागून नको, परसात वेगळं बांधा.

९. संस्था आणि पैसे

सात जण मिळाले की सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करता येते. सात जण निवडताना सगळे भाऊबंद घेऊ नका. एक कलाकार, एक शिक्षक आणि हिशेब कळणारी एक व्यक्ती तरी बाहेरची असू द्या. देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर ८०जी म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकर खात्याची मान्यता वेगळी घ्यावी लागते.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजना आहे, पण ती संस्थेसाठी, घरमालकासाठी नाही. अनुदान मिळणार हे गृहीत धरून छप्पर उघडू नका. छपराचे पैसे हातात असतील तेव्हाच पहिलं कौल उतरवा. अंदाज आला त्याच्या दीडपट धरा. आमचा तेवढाच झाला. चार खोल्या भाड्याने देऊन खर्च भागवायचा विचार असेल तर पर्यटन विभागाची न्याहारी-निवास नोंदणी बघा.

१०. वस्तू आणि माणसं

घर उघडणार ही बातमी पसरली की लोक जुनी जाती, वायनं, समया, कंदील आणून देतात. प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करा: कुणी दिली, कधी, कायमची की ठेवायला. दोन ओळी आणि एक सही. हे न केल्याने एका समईवरून आमचं एका घराशी बोलणं बंद झालं होतं.

१०० वर्षांहून जुनी चित्रं, मूर्ती, कोरीवकाम आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. त्यातल्या काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. जुनी चित्रकथीची पोथी कुणी दिली तर पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारून घ्या. तिच्यावर सतत उजेड नको, ५० लक्स पुरे. मोबाइलवर अंदाजे मोजता येतो. भिंतीवर खिळे मारून लावायची तर चांगली प्रत लावा.

गावऱ्हाटीशी, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या परंपरेशी जोडलेल्या वस्तू, तरंग (देवाचं प्रतीक म्हणून मिरवायचे खांब), देवाची वस्त्रं, मागू नका आणि कुणी आणून दिल्या तरी मानकऱ्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दशावतारी मंडळाचा पेटाराही पूजेचा असतो, मांडणीचा नव्हे.

कलाकारांना बोलावताना त्यांचं वर्ष समजून घ्या. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळं रात्र रात्र फिरतीवर असतात. मार्गशीर्षात कार्यशाळा ठेवून कलाकार येत नाहीत म्हणून कुरकुरण्यात अर्थ नाही. मुलांना मृदंग, रंगभूषा शिकवायची तर पावसाळा बरा. मानधन आधी सांगा, त्याच दिवशी द्या. ओव्या, गाणी रेकॉर्ड करत असाल तर ती कुठे वापरणार ते समोर बसून सांगा आणि म्हणणाऱ्या आजीचं नाव तिला हवं असेल तरच लावा. एक प्रत तिच्या घरी पोहोचली पाहिजे. आमच्याकडे पहिलं रेकॉर्डिंग झालं तेव्हा त्या आजींनी ते नातीच्या फोनवर सतरा वेळा ऐकलं आणि मग सांगितलं की मधली एक ओवी चुकली आहे, परत घ्या.

११. पहिला पावसाळा

उद्घाटन मेमध्ये करू नका, कितीही मोह झाला तरी. घर एक पावसाळा नुसतं बघा. मृग बरसला की पहिल्या मोठ्या सरीच्या रात्री बॅटरी घेऊन माळ्यावर जा. जिथे थेंब दिसेल तिथे खालच्या वाशावर खडूने गोल काढा आणि शेजारी तारीख लिहा. कौल तेव्हा हलवू नका, ओल्या छपरावर चढणारा माणूस पडतो. खाली टोप ठेवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी एकोणीस गोल झाले, दुसऱ्या वर्षी सहा. दिवाळीनंतर ऊन पडलं की सुताराला ते गोल दाखवा.